दाताच्या खुर्चीत मनाचे दोन प्रश्न

‘बीपी आहे का? शुगर? कुठल्या गोळ्या चालू आहेत? कशाची ॲलर्जी?’ दाढ काढायला गेलेल्या माणसाला हे प्रश्न आता खटकत नाहीत. दात दुखतोय आणि डॉक्टर साखरेची चौकशी करतायत, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. साखर वाढलेली असली की जखम भरायला वेळ लागतो, एवढं बहुतेकांना ठाऊक झालंय. पण त्याच केस पेपरवर आणखी दोन ओळी छापल्या तर? गेल्या दोन आठवड्यांत मन उदास, निराश राहिलं का? एरवी आवडणाऱ्या गोष्टींत रस वाटेनासा झाला का? पुष्कळ पेशंट तोंडातला कापूस सांभाळत म्हणतील, ‘डॉक्टर, दाढ दुखतेय, डोकं नाही.’

तरीही हे दोन प्रश्न दातांच्या दवाखान्यात विचारावेत का, यावर दंतवैद्यकात गंभीरपणे बोललं जातंय. विचारावेत म्हणणाऱ्यांचा मुद्दा साधा आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार असलेल्या प्रौढांचं प्रमाण १०.६ टक्के निघालं आणि वेगवेगळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचलेच नव्हते. (त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, ही चुटपुट लागतेच.) मनोविकारतज्ज्ञाची पायरी चढायला माणूस वर्षानुवर्षं घालवतो. दाढेची कळ मात्र कुणाला थांबू देत नाही. चार दिवस लवंग दाबून आणि मेडिकलमधून गोळी आणून निभावतं, पाचव्या दिवशी पाय दवाखान्याकडे वळतात. मग जो माणूस एरवी कुठल्याच डॉक्टरसमोर बसत नाही तो इथे बसलाच आहे, तर दोन मिनिटं मनाची विचारपूस का करू नये?

नाशिकच्या अंबडसारख्या भागात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. मुंबई-आग्रा महामार्गाजवळ पसरलेली एमआयडीसीची अंबड औद्योगिक वसाहत, पलीकडे सातपूर, आणि लगतच सहा योजनांमध्ये वाढलेलं सिडको. औषधं, विजेची उपकरणं, वाहनांचे सुटे भाग अशा कारखान्यांत काम करणारी माणसं इथं राहतात. कुणी नाशिक जिल्ह्यातल्याच कसमादे पट्ट्यातून आलेलं, कुणी खानदेशातून, कुणी उत्तर प्रदेश-बिहारमधून. सिडकोच्या गल्ल्यांत अहिराणी कानावर पडते ती कसमादे-खानदेशातून आलेल्यांमुळेच. कायम कामगार थोडे, ठेकेदाराकडचे फार. पाळ्या फिरत्या; एका आठवड्यात सकाळी सहाला गेटवर, तर दुसऱ्या आठवड्यात रात्री जागरण. अशा वस्तीत दातांचे दवाखाने मुख्यतः संध्याकाळी भरतात, कारण पाळी सुटल्याशिवाय पेशंट येत नाही.

समजा, यांतल्या एखाद्या दवाखान्यात तिशीतला एक फिटर आलाय. तक्रार एवढीच, की सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असतो आणि गेल्या वर्षी बसवलेली कॅप दुसऱ्यांदा फुटली. डॉक्टर आरसा आणि दिवा घेऊन बघतात. दाढांचे माथे घासून सपाट झालेले, गालाच्या आतल्या बाजूला दातांच्या रेषेत पांढरी रेघ, जिभेच्या कडांवर दातांचे ठसे, कानशिलाखालचा चावण्याचा स्नायू टणक. बायको म्हणते, झोपेत करकर आवाज येतो. हे दात खाणं, म्हणजे ब्रक्सिझम. झोपेतलं वेगळं आणि जागेपणीचं वेगळं. जागेपणी नकळत दात आवळून धरण्याचा ताणाशी आणि चिंतेशी असलेला संबंध बराच स्पष्ट आहे. झोपेतल्या प्रकारात मेंदूची झोपेची लय, दारू, तंबाखू, चहा-कॉफी, काही औषधं अशी बरीच कारणं मिसळलेली असतात. नेहमीचा उपाय म्हणजे रात्री घालायचा नाइट गार्ड. तो दात वाचवतो, झोप परत आणत नाही.

करोनाकाळात हे ठळकपणे दिसलं. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या धोरण विभागानं २०२१च्या सुरुवातीला दंतवैद्यांना विचारलं, तेव्हा ७० टक्क्यांहून अधिक जणांनी सांगितलं, की दात खाणारे आणि आवळणारे पेशंट वाढलेत. टवके उडालेले आणि तडकलेले दात वाढल्याचं सांगणारेही साठ टक्क्यांच्या पुढे होते. महासाथीची भीती लोकांच्या दाढांवर उमटत होती. पहिल्या महायुद्धात खंदकांमधल्या सैनिकांच्या हिरड्या सडून रक्ताळायच्या, त्यामागेही अस्वच्छता आणि सिगारेटींबरोबर ताण होता, हे दंतवैद्यकाला माहीत आहे.

मात्र इथंच एक ब्रेक लावायला हवा. झिजलेला दात दिसला की ‘टेन्शन आहे’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे पेशंटवर अन्याय आहे. महाराष्ट्रात दात झिजायला कारणं थोडी नाहीत. वर्षानुवर्षं चघळलेली सुपारी, मशेरी, राखुंडी, खरखरीत दंतमंजन, आडवा-तिडवा ब्रश, पोटातलं आम्ल वर येणं. आणि ब्रक्सिझमचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटानं २०१८मध्ये हेही स्पष्ट केलंय, की एरवी निरोगी असलेल्या माणसात दात खाणं हा विकार मानू नये, ती एक वागण्याची तऱ्हा आहे. तोंड हे मनाचा एक्स-रे नव्हे. तोंडात दिसणाऱ्या खुणा फार तर विचारण्याचं निमित्त देतात.

काही खुणा मात्र दंतवैद्याशिवाय दुसऱ्या कुणाला दिसणंच कठीण. वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू, टाळूकडची, गुळगुळीत विरघळल्यासारखी झाली असेल तर पुन्हापुन्हा उलटी होत असल्याचा संशय येतो. पित्ताचा जुना त्रास असू शकतो. कॉलेजात जाणारी, वजनाच्या धसक्यानं खाल्लेलं ओकून टाकणारी मुलगीही असू शकते. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जेरल्ड रसेल यांनी १९७९मध्ये या विकाराचं वर्णन करून त्याला बुलिमिया नर्व्होसा हे नाव दिलं. घशात बोटं घालताना दात लागून हाताच्या पेरांवर पडणारे वणही त्यांनीच नोंदवले. अशा मुलीचं वजन अनेकदा नॉर्मल असतं, त्यामुळे घरच्यांना पत्ता लागत नाही. दात मात्र सांगून जातात.

याहून अवघड गोष्ट म्हणजे जागेवर काहीच नसताना दुखणारा दात. एक्स-रे स्वच्छ, हिरडी ठीक, टकटक करून पाहिलं तरी काही नाही, आणि पेशंट सांगतोय की असह्य कळा येतायत. मग रूट कॅनॉल होतं. दुखणं राहतं. दाढ काढली जाते. दुखणं शेजारच्या दाढेत सरकतं. अशा वेदनेमागे बहुधा मज्जातंतूंमधला बिघाड असतो. ती मनाची कल्पना नसते, पेशंट नाटक करत नसतो. पण दीर्घकाळच्या वेदनेबरोबर उदासी आणि चिंता हातात हात घालून येतात आणि एकमेकींना वाढवतात. दुखण्याचं खरं मूळ न शोधल्यानं चांगले दात गमावलेली माणसं जगभरच्या दंतशास्त्रात नोंदली गेलीत. जिभेची आग होण्याचा त्रासही याच जातीचा. पाळी गेलेल्या बायकांत तो जास्त दिसतो आणि ‘कॅन्सर तर नाही ना?’ ही भीती त्यांना पोखरत असते. अर्थात आधी बी-१२, लोह, साखर आणि बुरशी तपासायची. आपल्याकडच्या शाकाहारी स्वयंपाकघरांत बी-१२ची कमतरता इतकी आहे, की मनाकडे वळण्याआधी रक्ताची तपासणी करणंच शहाणपणाचं.

जबड्याच्या सांध्याच्या दुखण्याबाबत तर वादाला जागाच उरलेली नाही. तोंड उघडताना कट्‌ असा आवाज येणं, कानाजवळ दुखणं, जबडा अडकणं अशा तक्रारींचं निदान कसं करावं, याचे आंतरराष्ट्रीय निकष २०१४मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचे दोन अक्ष आहेत. पहिला सांध्याचा आणि स्नायूंचा, दुसरा पेशंटच्या मनःस्थितीचा. या दुसऱ्या अक्षात उदासी आणि चिंता मोजण्याच्या प्रश्नावल्या अधिकृतपणे घातलेल्या आहेत. म्हणजे दंतवैद्यकाच्या एका शाखेनं मनाची चाळणी कधीच स्वीकारली आहे.

मनाबद्दल विचारण्याचं डॉक्टरांच्या स्वतःच्या फायद्याचंही एक कारण आहे, ते म्हणजे गोळ्या. ‘कुठल्या गोळ्या चालू?’ या प्रश्नावर पेशंट बीपीची सांगतो, शुगरची सांगतो आणि मनाची गोळी गाळतो. एक तर लाज, दुसरं म्हणजे ‘तिचा दाताशी काय संबंध?’ संबंध भरपूर आहे. लिथियम घेणाऱ्या पेशंटला दाढदुखीवर सर्रास दिलं जाणारं आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक दिलं तर रक्तातलं लिथियम वाढून विषबाधेपर्यंत जाऊ शकतं. उदासीवरच्या काही आधुनिक गोळ्यांनी दात खाणं सुरू होतं. वेदनाशामकांबरोबर त्या घेतल्या तर रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो. ॲमिट्रिप्टिलीनसारख्या जुन्या औषधांनी तोंड कोरडं पडतं आणि लाळ आटली की दात भराभर किडतात. क्लोझापीननं उलट लाळ गळते. ऑस्ट्रेलियातले मनोविकारतज्ज्ञ स्टीव्ह किसली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांची एकत्र छाननी केली. तीव्र मानसिक आजार असलेल्यांत सगळे दात पडून गेलेले असण्याची शक्यता इतरांच्या तिपटीहून अधिक निघाली. ब्रश करायची उमेद नसते, तंबाखू सुटत नाही, गोळ्यांनी लाळ आटते आणि दवाखान्यात न्यायला कुणी नसतं. त्यामुळे मनाची विचारपूस दातांसाठीही हवीच.

आता त्या दोन प्रश्नांकडे. रॉबर्ट स्पिट्झर, जॅनेट विल्यम्स आणि कर्ट क्रोन्की या अमेरिकी संशोधकांनी तयार केलेली पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी २००१मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातले पहिले दोन प्रश्न वेगळे काढून २००३मध्ये पीएचक्यू-२ झाली. प्रत्येक प्रश्नाला ‘अजिबात नाही’पासून ‘जवळपास रोज’पर्यंत शून्य ते तीन गुण, एकूण सहा. तीन किंवा जास्त गुण आले तर पुढे नीट तपासायचं. ही यादी मराठीतही मिळते. भरायला मिनिटही लागत नाही.

पण चाळणीत खडे अडकतात तसे चांगले दाणेही अडकतात, आणि किती अडकतात हे मांडून पाहायला हवं. मूळ अभ्यासात या दोन प्रश्नांनी तीव्र उदासी असलेल्या शंभरांपैकी ८३ जणांना पकडलं आणि ती नसलेल्या शंभरांपैकी ९२ जणांना बरोबर वगळलं. आकडे दिमाखदार आहेत. आता समजा, एका दवाखान्यात हजार पेशंट आले आणि त्यांतले पन्नास खरोखर तशा उदासीनं ग्रासलेले आहेत. प्रश्न त्यांतल्या साधारण ४१ जणांना पकडतील. उरलेल्या ९५० धडधाकट लोकांपैकी आठ टक्के, म्हणजे ७६ जणांवरही शिक्का बसेल. चाळणीत अडकलेल्या ११७ जणांत खरे ४१. जेमतेम तिघांत एक. बाकीच्यांपैकी कुणाची दाढदुखीनं चार रात्री झोप झालेली नसेल, कुणाच्या घरात नुकतंच कुणी गेलेलं असेल. म्हणून ही निदानाची चाचणी नाही, हे डॉक्टरांनी पेशंटला सांगणं आणि स्वतःही लक्षात ठेवणं भाग आहे.

याच हिशेबामुळे देशोदेशींच्या तज्ज्ञांचं एकमत होत नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा गटानं २०१६मध्ये सर्व प्रौढांची उदासीसाठी चाळणी करावी असं म्हटलं, पण निदान आणि उपचारांची सोय असेल तरच, ही अट घालून. २०२३मध्ये ६४ वर्षांपर्यंतच्या प्रौढांसाठी चिंताविकाराचीही भर घातली. कॅनडाच्या गटानं मात्र २०१३मध्ये सरसकट चाळणी करू नये असं ठरवलं. ब्रिटनची राष्ट्रीय समितीही सरसकट चाळणीच्या विरोधात आहे. तिथं संशय आला तर विचारा, एवढंच सांगितलं जातं. आणि ही सगळी चर्चा फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांची आहे. दातांच्या खुर्चीचा पुरावा त्याहून तुटपुंजा.

आपल्या जवळचा, मोठा आणि कसून केलेला प्रयोग गोव्यात झाला. तोही दातांच्या दवाखान्यात नव्हे, पण अंबडच्या डॉक्टरांनी अभ्यासावा असा. पर्वरीची ‘संगथ’ ही संस्था १९९६मध्ये मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केली. तिच्या ‘मानस’ प्रयोगात गोव्यातली बारा सरकारी आरोग्य केंद्रं आणि बारा खासगी दवाखाने घेतले. ताप-खोकल्यासाठी, अंगदुखीसाठी आलेल्या लोकांना बारा प्रश्नांची एक छोटी यादी विचारली गेली. जे चाळणीत सापडले त्यांतल्या २,७९६ जणांचा प्रयोगात समावेश झाला. निम्म्या ठिकाणी निकाल फक्त डॉक्टरांच्या हाती दिला. उरलेल्या निम्म्या ठिकाणी त्याबरोबर एक माणूस दिला: वैद्यकीय शिक्षण नसलेली, स्थानिक भाषा बोलणारी, थोडक्या काळात प्रशिक्षण दिलेली समुपदेशक. ती पेशंटशी बोलायची, श्वासाचे व्यायाम शिकवायची, येणं चुकलं तर पाठपुरावा करायची. गरज पडली तर डॉक्टर औषध द्यायचे आणि अधूनमधून मनोविकारतज्ज्ञ येऊन जायचे. बोलताना आजाराच्या जड नावाऐवजी ‘टेन्शन’सारखा रोजचा शब्द वापरला जायचा.

२०१०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. सरकारी केंद्रांत समुपदेशक असलेल्या ठिकाणी सहा महिन्यांनी ६५.९ टक्के लोक बरे झाले होते. जिथं फक्त कागद डॉक्टरांच्या हाती दिला गेला तिथं ४२.५ टक्के. चाळणी दोन्हीकडे तीच होती. फरक पडला तो पुढच्या माणसानं. आणि खासगी दवाखान्यांत? तिथं फरकच पडला नाही. समुपदेशक असो वा नसो, दोन्हीकडे साधारण पासष्ट टक्के बरे झाले. याचा अर्थ खासगी डॉक्टर निकामी होते असा नव्हे, उलट ते आधीच चांगलं काम करत होते. पेशंट त्यांच्या ओळखीचा, वेळ थोडा जास्त, डॉक्टर दरवेळी तोच. अंबडमधले दातांचे दवाखाने जवळपास सगळे खासगी आहेत, म्हणून गोव्याच्या निकालातला हा दुसरा भाग अधिक विचार करण्यासारखा. मात्र फॅमिली डॉक्टर आणि दंतवैद्य यांच्यात एक मोठं अंतर आहे: दंतवैद्य दाढ भरून पेशंटला मोकळं करतो आणि पुढची गाठ वर्षानं पडते, किंवा पडतच नाही.

विदर्भातल्या अमरावती जिल्ह्यात तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला. त्यात गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन घरोघरी मानसिक आरोग्याचं बोलणं सुरू केलं. उदासीनं त्रस्त असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. इथंही गणित प्रश्नावलीनं सुटलं नव्हतं.

दंतवैद्यकाला हे वळण अगदीच परकं नाही. तंबाखूच्या बाबतीत ते याच वाटेनं गेलंय. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७च्या फेरीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात असं दिसलं, आणि त्यांतले बहुतेक धुराविनाची: गुटखा, मावा, खैनी, मशेरी. राज्यात २०१२पासून गुटखाबंदी आहे. पानटपऱ्यांवर ती कितपत दिसते हे सांगायला नको. तोंड उघडेनासं झालेली विशी-पंचविशीतली पोरं दवाखान्यात येऊ लागली, तसं डॉक्टरांना दात सोडून सवयीबद्दल बोलणं भाग पडलं. २०१८मध्ये केंद्र सरकार आणि भारतीय दंत परिषदेनं दंत महाविद्यालयांत तंबाखूमुक्ती केंद्रं उभारण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात विचारणं, समजावणं, सोडायची तयारी जोखणं, मदत करणं आणि पुढची भेट ठरवणं अशी ठरलेली चढण आहे. पाठीशी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे. ‘तंबाखू खाता का?’ हा प्रश्न एकेकाळी उद्धट वाटायचा, आता केस पेपरवर छापील असतो. आणि तंबाखू सोडताना ज्याची चिडचिड होते, झोप उडते, मन उदास होतं, त्याच्याशी बोलणारा डॉक्टर मनाच्या उंबऱ्यावर आधीच उभा असतो.

मग अंबडच्या दवाखान्यात हे बसवायचं कसं? पहिली अडचण भिंतींची. गाळ्यातला दवाखाना, प्लायवूडच्या एका पार्टिशनपलीकडे बाकड्यावर चार जण बसलेले, त्यांतला एक त्याच कंपनीतला, दुसरा त्याच ठेकेदाराचा. ‘मन उदास असतं का?’ हे तिथं मोठ्यानं विचारलं तर कुणीही ‘नाही’ म्हणेल, आणि तेच शहाणपणाचं. नोकरी कंत्राटी असलेल्या माणसाला ‘याचं डोकं ठीक नाही’ ही कुजबुज परवडत नाही. प्रश्न कागदावर हवेत, किंवा खुर्चीत बसल्यावर मशीनच्या आवाजाआड हळू. तोंडात ड्रिल असताना नक्कीच नकोत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७नं मानसिक आजाराबाबतच्या गोपनीयतेला हक्काचा दर्जा दिलाय, त्यामुळे हा कागद कंपनीच्या कुणाच्या, रिसेप्शनवरच्या मुलीच्या किंवा पेशंटच्या मेव्हण्याच्या हाती पडणं चालणार नाही.

दुसरी अडचण नवव्या प्रश्नाची. पीएचक्यू-९मधला शेवटचा प्रश्न आयुष्य नकोसं वाटण्याबद्दल आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीप्रमाणे २०२२मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांत सर्वाधिक २२,७४६ महाराष्ट्रातल्या, आणि देशभरच्या आकड्यात चौथा हिस्सा रोजंदारीवरच्या कामगारांचा. तेव्हा हा प्रश्न अंबडला गैरलागू मुळीच नाही. विचारल्यानं असे विचार मनात पेरले जातात, हा समज चुकीचा असल्याचं संशोधनानं दाखवलंय. पण उत्तर ‘हो’ आलं तर त्या क्षणी पेशंटला एकटं सोडता येत नाही, घरच्याला बोलवावं लागतं, पुढची मदत तिथंच उभी करावी लागते. ज्या दवाखान्याची ही तयारी नाही त्यानं नऊ प्रश्नांची यादी काउंटरवर ठेवू नये. दोन प्रश्नांवर थांबावं. मात्र पेशंट आपणहून तसं काही बोलला, तर दोन प्रश्नांवर थांबलेल्या डॉक्टरलाही ते ऐकून न ऐकल्यासारखं करता येणार नाही.

तिसरी आणि सगळ्यात खरी अडचण: पाठवायचं कुठे? राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत. पण चाळणीत सापडणाऱ्या बहुतेकांना मनोरुग्णालयाची गरजच नसते. त्यांना हवा असतो ओपीडीतला डॉक्टर. त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय आहे, आडगावचं मविप्र संस्थेचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. आडगाव मात्र शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला. दोन बस आणि अर्ध्या दिवसाची मजुरी. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला, ईएसआयसीत नोंदलेला कामगार सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयातून पुढे जाऊ शकतो, अर्थात ठेकेदारानं त्याची नोंद केलेली असेल तर. नाशिकला डॉक्टरांची उणीव नाही. महाराष्ट्रातल्या दंत महाविद्यालयांना, अभिमत विद्यापीठं वगळता, पदव्या देणारं, १९९८मध्ये स्थापन झालेलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला आहे आणि पंचवटीत दंत महाविद्यालयही आहे. उणीव आहे ती या ठिकाणांना जोडणाऱ्या धाग्याची.

घरबसल्या मिळणारी एक सोय मात्र आहे. केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ला सुरू केलेली टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीत चालते. रात्रपाळी करणाऱ्यासाठी ‘चोवीस तास’ या शब्दांना फार किंमत आहे. समोर प्रशिक्षित समुपदेशक असतो आणि गरज लागली तर तो मनोविकारतज्ज्ञाकडे जोडून देतो.

नंबर चिठ्ठीवर लिहून देणं आणि नंबर लावून देणं यांत मात्र मोठा फरक आहे. चिठ्ठी पँटच्या खिशात धुतली जाते. पेशंटची तयारी असेल तर दवाखान्यातूनच फोन लावून, दोन मिनिटं आतल्या खोलीत बसू देणं कुठल्याही डॉक्टरला जमण्यासारखं आहे. आणि गोव्यात ज्या पाठपुराव्यानं फरक पडला, त्याची निम्मी यंत्रणा दातांच्या दवाखान्यांकडे आधीपासून असते. अक्कलदाढ काढली की दुसऱ्या दिवशी बऱ्याच ठिकाणांहून फोन जातो: सूज किती आहे, रक्त थांबलं का, बर्फ लावला का, गोळी घेतली का. ज्यांच्या दोन प्रश्नांचे गुण तीन किंवा जास्त आलेत त्यांच्यासाठी हा फोन रिसेप्शनवरून न जाता डॉक्टरांनी स्वतः करायचा आणि सुजेची चौकशी झाल्यावर विचारायचं, की काल रात्री झोप लागली का, आणि त्या नंबरवर बोलणं झालं का. ‘नाही’ म्हणाला तर टाके काढायच्या तारखेला पुन्हा.